हॉलमधला कॅमेरा आणि टोरांटोचा मुलगा

वाचकाचं पत्र, थोडं कापून:

"आम्ही दोघे कऱ्हाडला राहतो. मी ६८ वर्षांची, शाळेतून निवृत्त. हे ७४. एकुलता एक मुलगा टोरांटोला असतो. मागच्या पावसाळ्यात हे बाथरूममध्ये घसरले, खुब्याला मार बसला. मुलगा रजा टाकून आला आणि जाताना घराचं रूपच पालटून गेला. हॉलमध्ये कॅमेरा, दाराला बोटाच्या ठशाचं कुलूप, दिवे फोनवर, गिझर फोनवर, टीव्हीशेजारी बोलणारा स्पीकर. हेतू चांगलाच आहे, नाही कोण म्हणतं? पण मी स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी वावरते. केसांना तेल लावून हॉलमध्ये बसायचा संकोच वाटतो. बहिणीशी सुनेबद्दल चार शब्द बोलायचे तर बाल्कनीत जाते. 'आई, बाबांची साडेआठची गोळी राहिली का?' असा तिकडून फोन येतो. स्वयंपाकाच्या मावशी विचारतात, 'काकू, दादा आत्ता बघतायत का?' एकदोनदा कॅमेऱ्यावर नॅपकिन टाकला, तर लगेच मेसेज आला, 'कॅमेरा दिसत नाहीये.' जूनमध्ये लाइट गेली, नेट गेलं, तर रात्री अकराला शेजारचे दार ठोठावत आले. मुलाने कॅनडातून पाठवलं होतं. एकदा भाजीच्या पिशव्या घेऊन मी दारात अर्धा तास उभी, कुलूप बोट ओळखेना आणि हे आत झोपलेले. ह्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं की दिवे फोनवरून लागत नाहीत, म्हणून मुलगा म्हणतो बटणांना हातच लावू नका. गिझरला मध्ये अडॅप्टर लावून जो छोटा प्लग बसवलाय तो हाताला चांगला गरम लागतो, तेवढं बरोबर आहे ना? मुलाला दुखवायचं नाही, पण सगळं उपटून टाकावंसं वाटतं. मी जुन्या वळणाची आहे म्हणून असं होतंय का? नाव छापू नये."

ताई,

बाकीचं सगळं नंतर. आधी तो गिझरचा प्लग.

तो गरम लागतो हे बरोबर नाही. आज हे वाचून झाल्यावर गिझरचं मेन बटण बंद करा आणि तो प्लग काढून ठेवा. पंधरा लिटरचा साधा गिझर २००० वॅटचा असतो, म्हणजे आपल्या २३० व्होल्टवर तो नऊ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. तीन लिटरचा इन्स्टंट गिझर बहुधा ३००० वॅटचा, म्हणजे तेरा अँपिअर. बाजारात मिळणारे छोटे स्मार्ट प्लग बरेचदा १० अँपिअरचे असतात. ते दिव्याला, पंख्याला, फोनच्या चार्जरला ठीक. गिझरची जाड तीन पिनांची पिन त्यात जात नाही, म्हणून तर मध्ये अडॅप्टर लावावा लागला. पिन जात नव्हती तिथेच थांबायला हवं होतं. सैल बसलेला अडॅप्टर, आत वितळत जाणारं प्लास्टिक आणि बाथरूमची ओल, हे एकत्र नको. गिझर फोनवरूनच हवा असेल तर १६ अँपिअरचा, आयएसआय खुणेचा स्मार्ट प्लग किंवा स्विच घ्यावा, अर्थिंग तपासून इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा. खरं विचाराल तर त्याची गरज नाही. गिझरला थर्मोस्टॅट असतो, तापमान झालं की तो आपोआप बंद होतो. तुम्ही दोघं घरातच असता, बटण दाबायला तीन पावलं जायचं आहे.

आता तुमचा प्रश्न. जुन्या वळणाचा आणि याचा काडीचाही संबंध नाही. आपल्याकडे कुणी बघतंय हे कळलं की माणूस आक्रसतो, मग तो अडुसष्टचा असो की अठराचा. तुमच्या नातवंडांच्या वयाची मुलं लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. त्यांना कुणी जुन्या वळणाचं म्हणत नाही.

तरी सगळं उपटू नका. तुम्ही एकाच पत्रात पाच-सहा वेगवेगळी दुखणी एका माळेत ओवली आहेत. त्यातलं एकच खरं मोठं आहे आणि ते म्हणजे कॅमेरा. कुलूप, दिवे ही किरकोळ दुरुस्तीची कामं आहेत.

कॅमेऱ्याकडे येण्याआधी थोडं मुलाकडे बघू. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा टोरांटोत आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. म्हणजे तुमचा चहा होतो, पेपर येतो, ते शेव्हिंगला बसतात, त्या वेळी तो दिवसभराचं काम आटपून सोफ्यावर पडलेला असतो. हातात फोन, फोनमध्ये कऱ्हाडचा हॉल. मला नाही वाटत तो फक्त गोळीवर लक्ष ठेवायला बघतो. त्याला घर दिसतं. पंख्याचा आवाज येतो, कुकरची शिट्टी ऐकू येते. परदेशात राहणाऱ्या माणसाला याची चटक लागते आणि त्याचं त्यालाच कळत नाही. गोळीची आठवण हे फोन करायला सापडलेलं निमित्त असू शकतं. हे तुम्ही लक्षात घेतलंत तर त्याच्याशी बोलताना आवाज चढणार नाही.

पण त्याला जे मिळतं त्याची किंमत तुम्ही मोजताय, आणि तो हिशेब त्याच्यासमोर कधी मांडलाच गेलेला नाही. फोन वाजतो तेव्हा घ्यायचा की नाही हे तुमच्या हातात असतं. घेतला तर पदर सारखा करून, चष्मा लावून घेता. कॅमेरा वाजत नाही, विचारत नाही. तो तिथे असतोच. मुलगा दिवसातून दोनदा बघतो की वीसदा, तुम्हाला कळायला मार्ग नाही, म्हणून तुम्ही दिवसभर बघितल्यासारख्या वागता. बाल्कनीत जाऊन बोलण्याचं दुखणं यातलंच आहे. एक सांगते, बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांत माइक असतो आणि तो वेगळा बंद करता येतो. कॅमेरा काढेपर्यंत निदान तेवढं मुलाला आजच करायला सांगा. बहिणीशी हॉलमध्ये बसून बोला.

त्याला तुमची खबर हवी आहे. त्यासाठी तुमचं चित्र लागत नाही. या एका गोष्टीवर तुमचं दोघांचं एकमत झालं की निम्मं काम झालं.

हे काही मी हवेत बोलत नाही. जपानमध्ये झोजिरुशी ही चहाच्या पाण्याच्या किटल्या, थर्मास बनवणारी कंपनी आहे. १९९६ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात एक वृद्ध आई आणि तिचा आजारी मुलगा घरात मरून पडले आणि कित्येक दिवस कुणाला पत्ताच नव्हता. ती बातमी देशभर गाजली. त्यातून या कंपनीने २००१ मध्ये आय-पॉट नावाची विजेची किटली आणली. दिसायला साधी किटली, पण आत मोबाइलसारखं यंत्र. आजींनी सकाळी चहासाठी पाणी घेतलं की त्याची नोंद दूर राहणाऱ्या मुलाला इमेलने जाते. बाकी काही जात नाही. आजींनी काय नेसलंय, त्या कुणाशी बोलतायत, काही नाही. आईने चहा घेतला, म्हणजे आई उठली, म्हणजे आई ठीक आहे. घरात इंटरनेट शिरलं त्या सुरुवातीच्या काळातली ही वस्तू, आणि आजच्या कित्येक कॅमेऱ्यांपेक्षा तिच्यामागचा विचार शहाणा आहे. (गंमत म्हणजे जगातला पहिला वेब कॅमेरा म्हणतात तोही असाच भांड्यावर रोखलेला होता. १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संगणकवाल्यांनी लावलेला, भांड्यात कॉफी उरली आहे की नाही ते जागेवरूनच बघायला. माणसांवर रोखायचं नंतर सुचलं.)

आपल्याकडे चहा गॅसवर होतो, तेव्हा किटलीचा उपयोग नाही. पण तोच विचार दुसऱ्या मार्गाने करता येतो. हालचाल ओळखणारा सेन्सर मिळतो, काडेपेटीपेक्षा जरा मोठा. त्याला डोळा नसतो. अंगाची ऊब हलली एवढंच त्याला कळतं. तो स्वयंपाकघराच्या दारावर लावायचा. दाराच्या चौकटीला लावायचा दुसरा एक असतो, तो दार उघडलं की मिटलं ते सांगतो. मुलाने त्याच्या फोनवर नियम घालायचा, सकाळी नऊपर्यंत स्वयंपाकघरात हालचाल नाही झाली तर मला कळव. झाली तर त्याला काहीही येणार नाही. बातमी नाही म्हणजे सगळं ठीक. सेल बरेच महिने जातो. तुमच्या घरात असले वायफायचे उद्योग त्याने आधीच करून ठेवलेत, त्याला हे बसवणं अवघड नाही. बसवायला तुमच्याकडचा कुणीही चिकटपट्टी लावू शकणारा माणूस पुरे.

हा सगळा खटाटोप ज्या पडण्यामुळे सुरू झाला ते बघा. हे बाथरूममध्ये पडले आणि कॅमेरा हॉलमध्ये आहे. उद्या देव न करो पुन्हा पडले तर कॅमेऱ्याला काय दिसणार? रिकामी खुर्ची. बाथरूममध्ये तर कॅमेरा कुणी लावू नये, तो विचारही नको. तिथे लागतात त्या वस्तूंना नेट लागतच नाही. भिंतीत पक्का ठोकलेला स्टीलचा दांडा, कमोडशेजारी एक आणि नळाजवळ एक. टॉवेल अडकवायचा दांडा नव्हे, तो वजनाने उपटून येतो. न घसरणारी रबरी चटई, रात्री दार न अडकवता लोटून घ्यायची सवय, बाहेरूनही उघडता येईल अशी कडी. आणि एक युक्ती. दाराला लावायची बिनतारी बेल मिळते, पाणी लागलं तरी चालेल असं बटण असलेली. ते बटण बाथरूममध्ये जमिनीपासून हातभर उंचीवर लावा. माणूस पडला की भिंतीवर वर हात पोचत नाही, खाली पोचतो. बेल वाजते स्वयंपाकघरात, तुमच्या कानाशी. वायफाय असो नसो.

मनगटावरचं घड्याळ पडणं ओळखून फोन लावतं, हे खरं आहे, आणि मुलगा कधी ना कधी ते सुचवेलच. ह्यांना घड्याळ आवडत असेल तर जरूर घ्या. पण ते रोज-दोन दिवसांनी चार्ज करावं लागतं, आणि आंघोळीला जाताना सत्तरी ओलांडलेला मराठी माणूस आधी घड्याळ काढून ठेवतो.

आता कॅमेऱ्याची दुसरी बाजू, जी कदाचित मुलालाही नीट माहीत नसेल. तुमच्या हॉलचं चित्र कऱ्हाडातून थेट टोरांटोच्या फोनवर जात नाही. ते बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून त्याच्याकडे येतं. म्हणजे मध्ये एक तिसरा आहे. अमेरिकेत रिंग या ॲमेझॉनच्या मालकीच्या कंपनीचे कॅमेरे घरोघरी आहेत. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ च्या मे महिन्यात तिच्यावर ठपका ठेवला की ग्राहकांचे खासगी व्हिडिओ तिच्या कर्मचाऱ्यांना बघता येत होते. एका कर्मचाऱ्याने २०१७ मध्ये बायकांच्या खोल्यांमधली हजारो रेकॉर्डिंग बघितली होती. ५८ लाख डॉलर मोजून कंपनीने प्रकरण मिटवलं. एवढी मोठी कंपनी, तिथे ही तऱ्हा.

आणि दूर कशाला जायचं? २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातले, तपासणी चाललेल्या बायकांचे व्हिडिओ टेलिग्रामवर विकले जात असल्याचं उघड झालं. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी ज्यांना पकडलं त्यांत महाराष्ट्रातलेही होते. देशभरातल्या कॅमेऱ्यांत ही मंडळी शिरली होती. त्यासाठी फार मोठी हुशारी लागत नाही. कॅमेरा कारखान्यातून येताना जो पासवर्ड घेऊन येतो, तो बदलायचा राहिला की दार उघडंच असतं. २०१६ मध्ये याच खुबीवर मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरातले लाखभरांहून जास्त कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्याच्याजवळ साठेक कारखानी पासवर्डांची यादी होती, बस. त्या ऑक्टोबरात अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास उघडेनात, ते याच कॅमेऱ्यांनी घातलेल्या गर्दीमुळे.

घाबरवायला हे सांगत नाही. कॅमेरा ठेवायचाच असेल, आणि मी म्हणेन एक जरूर ठेवा, तर तो दाराबाहेर ठेवा. कोण आलंय ते तुम्हालाही कळेल, मुलालाही. त्याचा पासवर्ड वेगळा आणि लांबलचक हवा, पासवर्ड टाकल्यावर फोनवर कोड येण्याची सोय चालू हवी. कॅमेरा बसवायला दुकानातला कुणी पोरगा आला असेल तर त्याच्या फोनमध्ये तुमचं ॲप अजून चालू नाही ना, हे मुलाला विचारा. आपल्याकडे ही फार नेहमीची गोष्ट आहे. बसवणारा 'चालू करून दाखवतो' म्हणतो, स्वतःच्या फोनवर लावतो आणि ते तसंच राहतं. नवा कॅमेरा घेतलात तर सरकारी चाचणी झालेलाच घ्या. ९ एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे विकायच्या सीसीटीव्हीला ती सक्तीची आहे. दुकानदाराला एसटीक्यूसी प्रमाणपत्र आहे का विचारायचं. तो कपाळाला आठ्या घालेल, घालू द्या.

कायद्याचंही सांगते, कारण पुढच्या पत्रात तुम्ही विचाराल. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा इथे फारसा कामाचा नाही, घरगुती कारणासाठी केलेल्या गोष्टी त्याने बाहेर ठेवल्या आहेत. पण कोलकात्यात एकाच वडिलोपार्जित घरात राहणाऱ्या दोन भावांचं याच कारणावरून भांडण झालं. घराच्या राहत्या भागात, तिथे राहणाऱ्या दुसऱ्याच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवू नयेत, असं कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात त्यात हात घालायला नकार दिला. तेव्हा तुम्हाला जे खटकतंय ते देशातल्या मोठ्या न्यायालयांनाही खटकलेलं आहे. मात्र हे तुमच्या मनाच्या समाधानासाठी. मुलाशी बोलताना निकाल काढू नका. आईने कोर्टाचं नाव काढलं की पोराचं ऐकणं बंद होतं.

मावशींबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, पण मला त्या पत्रातलं तेच वाक्य जास्त लागलं. तुम्ही निदान मुलाच्या आई आहात. भांडाल, रुसाल, नॅपकिन टाकाल. त्या काय करणार? त्यांना कुणी विचारलंच नाही. पदर खोचून, घाम पुसत काम करणाऱ्या बाईला दिवसाचा तासभर एका अनोळखी पुरुषाच्या नजरेखाली वावरावं लागतं, आणि तो 'दादा' किती सज्जन आहे हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही. उद्या घरात पाचशेची नोट सापडली नाही तर सगळ्यात आधी कुणाचं रेकॉर्डिंग बघितलं जाईल, हेही त्यांना पक्कं ठाऊक असतं. कॅमेरा हटेपर्यंत त्यांच्या वेळेत तो बंद ठेवा, आणि बंद केलाय हे त्यांना दाखवा. प्लग काढून हातात धरून दाखवा. ॲपमधला हिरवा-लाल ठिपका त्यांनी का म्हणून खरा मानावा?

कुलपाचं सोपं आहे. बोट ओळखलं नाही यात तुमच्या बोटाचा दोष नाही. वयाने आणि भांड्यांच्या साबणाने ठसे झिजतात. रेशन दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून किती म्हाताऱ्यांना परत पाठवतात, तुम्ही पाहिलं असेल. भाजी आणून हात ओले, त्यात पिशव्यांचे वळ, ठसा उमटणार कसा? अशा कुलपाला आकड्यांचा कोड असतो आणि बहुतेकांना लपवलेली साधी किल्लीही असते. ती किल्ली मुलाने कुठल्या ड्रॉवरमध्ये ठेवली ते आजच विचारा. एक तुमच्या पर्समध्ये, एक भरवशाच्या शेजाऱ्यांकडे. सेल उतरला तर बाहेरून तात्पुरती बॅटरी टेकवायची सोय असते, ती जागा मुलाकडून व्हिडिओ कॉलवर बघून ठेवा. किल्लीचं भोकच नसलेलं कुलूप निघालं, तर ते बदला. वयस्क माणसांच्या घराला हाताने न उघडणारं दार नको.

दिव्यांबाबत ह्यांची बाजू बरोबर आहे. बटण दाबलं की दिवा विझायला हवा, सत्तर वर्षांची ती सवय मोडायची कशाला? स्मार्ट बल्बला सतत वीज लागते, म्हणून बटण बंद झालं की तो फोनला सापडत नाही. उपाय असा की बल्ब साधे आणायचे आणि स्विचबोर्डाच्या आत बसणारं छोटं मॉड्यूल घ्यायचं. मग भिंतीवरचं बटणही चालतं आणि फोनही. इलेक्ट्रिशियनला विचारा, "बोर्डात न्यूट्रल आहे का?" न्यूट्रल म्हणजे विजेची परतीची तार. जुन्या घरांत बरेचदा ती बोर्डात नसते, मग ओढावी लागते. तेवढा खर्च नको असेल तर सरळ साधे बल्ब लावा आणि बाथरूमच्या वाटेवर अंधारात आपोआप लागणारा छोटा दिवा ठेवा. ह्यांच्या खुब्याच्या दृष्टीने बाकीच्या सगळ्या दिव्यांपेक्षा तोच महत्त्वाचा.

स्पीकर राहू द्या. गाणी लावतो, गोळीची आठवण करतो, आणि यंत्राने आठवण केली की मुलाच्या आठवणीइतकं लागत नाही. वर माइक बंद करायचं बटण असतं, बोलायचं नसेल तेव्हा दाबून ठेवा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'बघण्याची माहिती' गोळा करायची परवानगी काढून टाका. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने न विचारता एक कोटीहून जास्त टीव्हींवरून, लोक काय बघतात ते टिपलं होतं, २०१७ मध्ये तिला २२ लाख डॉलर मोजावे लागले.

आणि नेट जाण्याचं. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, म्हणजे लाइट गेली तरी तो चालेल. पण चौकातल्या केबलवाल्याच्या पेटीची बॅटरी संपली की नेट जाणारच, ते तुमच्या हातात नाही. म्हणून मुलाशी ठरवून टाका. घरातलं सगळं एकदम गप्प झालं तर ते नेट गेलंय असं धरायचं. आधी आईच्या मोबाइलवर साधा फोन, मग बाबांच्या. दोन्ही लागले नाहीत तरच शेजारी, आणि तेही रात्री अकराला नव्हे, काही वेळ थांबून. शेजाऱ्यांचे फोन त्याच्याकडे आहेतच. तुमच्या फोनमध्ये १०८ आणि ११२ वर ठेवा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही.

आता बोलायचं कसं. मेसेजवर नको. सुनेमार्फत तर अजिबात नको. त्याची सुट्टी असेल त्या दिवशी, त्याच्या सकाळी, तुम्ही दोघांनी मिळून व्हिडिओ कॉल करा. ह्यांनी शेजारी बसलंच पाहिजे, नाहीतर 'बाबांचं काही म्हणणं नाही, आईलाच त्रास होतो' असं होईल. सुरुवात तक्रारीने करू नका. साधारण असं म्हणा:

"तू एवढ्या लांबून आमची काळजी करतोस, ती आम्हाला कळते. बाबा पडले तेव्हा तू धावत आलास. पण मला हॉलमध्ये मोकळं बसता येत नाही रे. तू बघतोस की नाही ते मला कळत नाही, म्हणून मी सारखी तयारच असते. आम्ही उठलो, जेवलो, ठीक आहोत, एवढं तुला कळत राहील अशी सोय कर. तो सेन्सर बसव. कॅमेरा दाराबाहेर लाव. आणि रोज सकाळी सात वाजता, तू झोपायच्या आधी, आपण दहा मिनिटं बोलू. तू फोन करायचा, मी उचलणार. चहा घेत बोलू."

त्या शेवटच्या तीन वाक्यांना कात्री लावू नका. तुम्ही त्याच्याकडून काहीतरी काढून घेताय, त्या जागी काहीतरी द्यायला हवं, आणि त्याला जे हवंय ते बहुतेक हेच आहे. फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभा करून ठेवा, बोला नाही बोला, त्याला कुकर ऐकू येऊ दे. आणि तुम्ही गोळीचं नाव स्वतःहून काढा, म्हणजे त्याला विचारावं लागणार नाही. गोळ्यांची सकाळ-संध्याकाळची खणांची डबी मिळते, ती भरून फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरा. हा कॅमेरा तुम्ही स्वतः चालू केलेला असेल.

तो म्हणेल, 'आई, पण रात्री काही झालं तर?' त्याला विचारा, रात्री दोनला हॉलच्या कॅमेऱ्यात तू काय बघतोस? रिकामा हॉल. मग बाथरूममधल्या बेलचं सांगा, दांड्याचं सांगा, किल्ली कुणाकडे ठेवली ते सांगा. तुम्ही या गोष्टी आधीच करून ठेवल्या असतील तर त्याची भीती निम्मी होईल. म्हणून क्रम असा धरा. आज गिझर. या आठवड्यात दांडे, चटई, बेल, किल्ली. मग फोन.

नाहीच ऐकलं तर? दोनदा सांगा. तिसऱ्यांदा, अमुक दिवशी मी हॉलमधल्या कॅमेऱ्याचा प्लग काढणार आहे, असं आधी कळवून काढा. घर तुमचं आहे. रुसला तर आठवडाभर रुसेल. नॅपकिनचा खेळ मात्र बंद करा, त्याने त्याला वाटतं आई काहीतरी लपवते.

काढलेला कॅमेरा तसाच कपाटात टाकू नका किंवा भाच्याला देऊन टाकू नका. आधी मुलाला त्याच्या ॲपमधून तो काढून टाकायला सांगा, मग कॅमेऱ्याच्या पोटाशी रिसेटचं छोटं भोक असतं त्यात पिन दाबून धरा, आणि आतलं मेमरी कार्ड काढून स्वतःजवळ ठेवा. त्यात गेल्या कित्येक दिवसांचा तुमचा हॉल आहे.